वीसच्या आतले

आमच्या शिक्षण खात्याचं वीस या आकड्यावर फार प्रेम. वीसच का, पंधरा का नाही, पंचवीस का नाही, हे विचारलं तर कुणालाच धड सांगता येत नाही. पण शाळेचा पट वीसच्या आत आला की साहेबांच्या कपाळाला आठी पडते आणि शाळेचं नाव यादीत चढतं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अशा शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याचे प्रस्ताव मागवणारं पत्र निघालं. राज्यात वीसच्या आतल्या शाळा १४,७८३, मुलं सुमारे १ लाख ८५ हजार, शिक्षक २९ हजारांच्या वर, असा हिशेब तेव्हा मांडला गेला. सहा मुलांमागे एक शिक्षक! हा भागाकार इतका सोपा की त्यापुढे विचार करायची गरजच कुणाला वाटेना. वर्तमानपत्रांत चौकटी आल्या, वाहिन्यांवर चर्चा झडल्या, करदात्यांच्या पैशाचा उमाळा येऊन गेला.

मी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. केंद्र कोकणातलं, वाड्यावस्त्यांचं. त्यामुळे ही यादी कशी तयार होते ते मला कुणी सांगायला नको. तालुक्याच्या ऑफिसात यूडायसची, म्हणजे शाळांच्या माहितीची, एक्सेल शीट उघडायची, पटाच्या रकान्यावर 'सॉर्ट' मारायचं, वीसखालच्या ओळी पिवळ्या करायच्या. झालं नियोजन. वाटेत पऱ्ह्या, म्हणजे ओढा, आहे का, एसटी येते का, मुलं ज्या शाळेत जायची तिथे बसायला खोली आहे का, याला त्या शीटमध्ये रकाना नाही. आणि रकाना नाही म्हणजे प्रश्नच नाही.

शाळा ठेवायची की मिटवायची, हे ठरवायला एकच प्रश्न पुरेसा आहे: ही गेली तर इथल्या मुलांना दुसरं काय उरतं? हा प्रश्न मी बैठकांत विचारून बघितला. 'गुरुजी, भावनिक होऊ नका,' असं उत्तर मिळालं. भावनेचा यात काय संबंध? हा सरळ हिशेब आहे. फक्त तो पोराच्या बाजूने मांडलेला आहे, एवढाच त्याचा दोष.

पट घसरला हे खरं आहे, आणि त्याची काही कारणं कुणाच्याच हातातली नाहीत. मुलंच कमी जन्मतायत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ निघाला, म्हणजे दोन माणसांच्या जागी दोन माणसंही येत नाहीत. आमच्या कोकणाचं तर विचारूच नका. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या फुगत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची चक्क कमी झाली. गणपतीत घराघरातून पंगती उठतात आणि नवरात्र येईतो वाडीत काठी टेकत फिरणारी माणसं तेवढी उरतात. अशा ठिकाणी पट वाढवा म्हणून मास्तरला नोटीस काढणं हा शुद्ध बावळटपणा आहे. माझ्याच सहीने अशा नोटिसा वरून खाली गेल्या. त्यांना मास्तर जी उत्तरं देत ती छापण्याजोगी नाहीत.

पण जिथे पोरांना तोटा नाही, त्या गावांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळा का रोडावल्या? तिथे जननदराला पुढे करता येत नाही. तिथे २०१२ साल आठवावं लागतं. त्या वर्षी मे महिन्यात सरकारने शिक्षकभरती थांबवली. त्याच वर्षीचा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला आणि पैसे असलेल्या कुणालाही शाळा काढायचा रस्ता मोकळा झाला. इकडे मास्तर निवृत्त होत गेले, जागा भरल्या गेल्या नाहीत. 'पवित्र' नावाचं पोर्टल २०१७ साली आलं आणि त्यातून प्रत्यक्ष नेमणुका व्हायला २०१९ उजाडलं. मधल्या काळात चार वर्गांना एक मास्तर, आणि तोही मतदारयादी, सर्वेक्षण, प्रशिक्षण आणि रोजच्या 'तात्काळ माहिती'त गुंतलेला. तिकडे नाक्यावर पिवळी व्हॅन उभी राहू लागली. टाय लावलेली पोरं तिच्यात चढताना दिसू लागली. आईबाप काही मूर्ख नसतात. त्यांनी दागिना मोडला आणि पोर व्हॅनमध्ये बसवलं. मग तेच सरकार आमच्याकडे वळून म्हणतं, तुमचा पट का हो घसरला?

एक खास गंमत सांगतो, खात्याबाहेरच्या माणसाला ती ठाऊक नसते. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवी हा एक टप्पा ठरवला, पण आपल्याकडे पाचवीचा वर्ग हायस्कुलांना चिकटला तो अजून सुटलेला नाही. हायस्कुलं बहुतेक संस्थांची, अनुदानित. पाचवी त्यांच्याकडे राहिली की त्यांच्या तुकड्या टिकतात, तुकड्या टिकल्या की शिक्षकांची पदं टिकतात. म्हणून एप्रिल-मे आला की संस्थांचे शिक्षक आमच्या चौथीच्या याद्या घेऊन उन्हातान्हात दारोदार फिरतात. सायकल देतो, गणवेश देतो, जीप पाठवतो. बिचाऱ्यांना दोष देत नाही. पट आणला नाही तर ते अतिरिक्त ठरतात. पण संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो तालुक्यातल्या प्रत्येक फ्लेक्सवर असतो आणि त्यांच्या पाचवीला हात लावायची कुणाची छाती होत नाही. कात्री चालते ती वाडीवरच्या शाळेवर, कारण वाडीला फ्लेक्स लावणारं कुणी नाही.

इमारतींचं बघा. पट कमी म्हणून दुरुस्तीला पैसे नाहीत. दुरुस्ती नाही म्हणून छत गळतं. छत गळतं म्हणून पालक पोर काढतात. पट आणखी कमी होतो. समग्र शिक्षातून शाळेला वर्षाला जे अनुदान येतं तेही डोकी मोजून: तीसपर्यंत पट असेल तर दहा हजार, शंभरपर्यंत पंचवीस हजार, त्यापुढे चढत जाऊन हजारावर पट असेल तर एक लाख. आता कौलं काय पट बघून फुटतात? आमच्याकडे पाऊस अठरा मुलांच्या शाळेवर कमी पडतो आणि एकशे ऐंशीच्या शाळेवर जास्त, असं अजून तरी दिसलेलं नाही. दहा हजारांत वीजबिल, खडू, पाण्याची मोटर, स्वच्छतागृहाचं दार आणि वर छप्पर बसवून दाखवावं, मी सत्कार करीन. धोकादायक खोलीचं निर्लेखन करायचं, म्हणजे ती मोडीत काढायची, तर प्रस्ताव पंचायत समितीतून जिल्हा परिषदेत, तिथून बांधकाम विभागात, परत त्रुटी काढून खाली. तोवर त्याच खोलीला दोरी बांधून 'प्रवेश बंद' लिहायचं आणि मुलांना ओसरीवर बसवायचं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नगर तालुक्यातल्या निंबोडीत शाळेचं छत कोसळून मुलं गेली, तेव्हा राज्यभर धोकादायक खोल्यांच्या याद्या मागवल्या. याद्या मागवण्यात आमचं खातं कधी कमी पडत नाही.

मग मास्तरांवर गदा. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे त्याच्या, निकषांत सहावी ते आठवीला पट वीसच्या आत असेल तर शिक्षक शून्य धरले गेले. शाळा आहे, वर्ग आहे, मुलं आहेत, शिक्षक शून्य. हे सुचायला प्रतिभा लागते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये छोट्या शाळांत दोनातला एक शिक्षक कंत्राटी, महिना पंधरा हजारांवर, असं ठरलं. वर्षही उलटलं नाही तोवर ते मागे घेतलं. आणि पट मोजायचा तोही आधार जुळलेल्या मुलांचाच. नावात एक वेलांटी चुकली, जन्मतारीख जुळली नाही, की समोर बाकावर बसलेलं पोर हिशेबात नाही. अठरावं, एकोणिसावं, विसावं पोर अशा वेलांटीत अडकलं की अख्ख्या शाळेचं भवितव्य बदलतं.

मराठवाड्यात जरा वेगळी कथा. तिथे सप्टेंबरच्या तीस तारखेला पट मोजला जातो तेव्हा तांड्यावर मुलं असतात. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या ऊसतोडीला निघाल्या की वर्ग अर्धा रिकामा. आता ही शाळा मोठी म्हणायची की छोटी? जी मुलं मागे राहतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत, ती चालतात कुठे आणि कागदावर असतात कुठे हे बीडकडच्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. वर्षातला एक दिवस पकडून मोजदाद करणाऱ्या पद्धतीला हा हलता महाराष्ट्र दिसतच नाही.

सगळ्यात मोठा विनोद २०२४ च्या फेब्रुवारीत झाला. त्याआधी पाचच महिने हेच खातं सांगत होतं की या छोट्या सरकारी शाळा चालवण्याच्या लायकीच्या नाहीत, मुलांना तिथे ना सोबत मिळते ना दर्जा. फेब्रुवारीत नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेने गरिबांसाठीच्या २५ टक्के जागा द्यायची गरज नाही. का? तर जवळ सरकारी शाळा आहेच की! म्हणजे बंद करायची वेळ आली की सरकारी शाळा निरुपयोगी, आणि खासगी शाळेच्या दारातून गरिबाला परत पाठवायचं झालं की तीच शाळा उत्तम. उच्च न्यायालयाने जुलैमध्ये हा बदल रद्द केला. पण असा नियम लिहिणाऱ्याची जीभ अडखळली नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं.

आता अंतराबद्दल. कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंत एक किलोमीटर आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटर. आमच्याकडे एका वाडीतली शाळा गावठाणातल्या शाळेत विलीन करायची पाहणी होती. साहेब गाडीतून उतरले, मोबाइलवर नकाशा उघडला, दोन बोटांनी ताणला आणि म्हणाले, 'नऊशे मीटर. बसतंय नियमात.' नकाशात सरळ रेघ मारली की नऊशे मीटरच होते. त्या रेघेच्या मध्ये पऱ्ह्या होता. पऱ्ह्यावर साकव, दोन माडाचे ओंडके आणि वर फळ्या. उन्हाळ्यात साहेबही त्यावरून गेले असते. एक बाई पदर खोचून पुढे आली. तिने हुज्जत घातली नाही. म्हणाली, 'साहेब, आषाढात या. माझ्या पोराचा हात धरून पलीकडे नेऊन दाखवा. मग सांगाल तिथे अंगठा देते.' साकव पाण्याखाली गेला की रस्त्याने वळसा, आणि वळसा धरला तर एक किलोमीटरचा नियम साकवाइतकाच बुडतो. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, 'अहवालात साकव असल्याचं नमूद करा.' नमूद केलं. साकव आहे, म्हणजे दळणवळणाची सोय आहे, असा त्याचा अर्थ वर लावला गेला. पाहणीची वेळ नेहमी मार्च-एप्रिलचीच का असते, हे यावरून ध्यानात यावं.

इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीच्या मुलांनी २०२३ मध्ये याला उत्तम उत्तर दिलं होतं. भाम धरणाने एकदा उठवलेली ही माणसं, त्यांची शाळाही बंद झाली. मुलं शेळ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर निघाली: दप्तरं तुमच्याकडे ठेवा आणि आम्हाला वळायला शेळ्या द्या. शिक्षणतज्ज्ञांच्या शोधनिबंधांपेक्षा या मागणीत हिशेब जास्त स्पष्ट होता. शाळा लांब गेली की पोर त्या लांबच्या शाळेत जात नाही. ते शेळ्यांमागे जातं. पोरगी असेल तर धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहते आणि पुढे काय होतं ते तालुक्याच्या लग्नसराईत दिसतं.

आता छोट्या शाळांच्या भक्तांनाही दोन शब्द. तीन पोरांची शाळा ही काही आदर्श गोष्ट नव्हे. वाशीम जिल्ह्यातल्या गणेशपूरला एक विद्यार्थी आणि एक शिक्षक, अशी बातमी देशभर गाजली; लोकांनी डोळे पुसले. मला त्या पोराचं वाईट वाटलं. खो-खो खेळायला त्याला कोण? कवायतीला रांग कुणाची? भांडायला जोडीदार नाही ते बालपण कसलं? मुलाला मुलं लागतात, हे मान्यच करायला हवं. आमच्या शिक्षक संघटना जेव्हा 'वाडीवस्तीवरचं शिक्षण वाचवा' म्हणून मोर्चा काढतात तेव्हा त्यांच्या यादीतली पहिली मागणी पदं वाचवण्याची असते, मुलांची पाळी नंतर. मोर्चातल्या कितीकांची स्वतःची पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, हा प्रश्न मी एका सभेत केला. त्यानंतर मला सभेला बोलावणं थांबलं.

म्हणून समूह शाळा या कल्पनेला माझा विरोध नाही. ती नवीनही नाही. शेजारच्या शाळांनी एकमेकींच्या साधनांवर चालावं, असा शाळा संकुलाचा विचार कोठारी आयोगाने १९६६ सालीच मांडला होता, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तोच पुन्हा मांडला. पण त्या विचारात छोट्या शाळा जागच्या जागी राहतात. ग्रंथालय, प्रयोगशाळा, संगीताचा आणि खेळाचा शिक्षक वाटून घेतात. आमच्याकडे पोहोचेपर्यंत त्याचं भाषांतर 'कुलूप' असं झालं. पुणे जिल्ह्यात पानशेतच्या समूह शाळेत आजूबाजूच्या वस्त्यांतली मुलं बसने आणून चांगल्या इमारतीत शिकवली, दाखवण्याजोगं काम आहे. पण तिथे बस आहे, आणि बाहेरून मदतही उभी राहिली. चौदा हजार शाळांच्या मुलांसाठी बस, डिझेल, ड्रायव्हर, सोबतीला बाई, घाटातला रस्ता, यांची तरतूद अर्थसंकल्पाच्या कुठल्या पानावर आहे? वाहतूक भत्ता म्हणतील. तो बापाच्या खात्यात, मिळेल तेव्हा. नंदुरबारकडच्या तोरणमाळचं दुसरं उदाहरण देतात. ती निवासी शाळा. सहा वर्षांचं भिल्ल-पावरा पोर आईपासून तोडून वसतिगृहात ठेवायचं आणि त्याला दर्जा म्हणायचं, हे त्याच माणसाला सुचतं ज्याचं स्वतःचं पोर संध्याकाळी घरी येऊन दूध पितं.

आणि सगळी बचत खेड्यातच का? मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्याही २००१ ते २०११ मध्ये घटली, ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आत आली. दादर-गिरगावातल्या नावाजलेल्या मराठी शाळांचे मजलेच्या मजले रिकामे आहेत. पुण्यातल्या पेठांत तीच कथा. तिथे एका शाळेपासून दुसरी हाकेच्या अंतरावर, रस्ते डांबरी, बस दर दहा मिनिटांनी. तिथे दोन शाळा एकत्र करून एक ठणठणीत शाळा उभी राहू शकते, आणि एकाही पोराला साकव ओलांडावा लागत नाही. पण तो विषय काढला की सगळे गप्प, कारण रिकाम्या शाळेखाली जमीन आहे आणि त्या जमिनीचा भाव सगळ्यांना पाठ आहे. केरळात २०१६ साली कोझिकोडच्या मलापरंब इथली शाळा व्यवस्थापक बंद करायला निघाला, तेव्हा सरकारने शाळाच ताब्यात घेतली. आपल्याकडे असा दिवस उगवला तर मी पेढे वाटीन.

गावातल्या जमिनीचीही एक गोष्ट आहे. आमच्याकडच्या कितीतरी शाळा कुणा खोताने, कुणा कुळाने बक्षीसपत्र करून दिलेल्या दोन-चार गुंठ्यांवर उभ्या आहेत. चिरे लोकांनी डोक्यावरून वाहिले, मुंबईकर चाकरमान्यांनी कौलांचे पैसे पाठवले. शाळा बंद झाली की इमारत कुणाची? फाइलमध्ये तिचा उल्लेख 'वापरात नसलेली मालमत्ता' असा होतो. दोन पावसाळ्यांत वासे चोरीला जातात, तिसऱ्यात भिंत बसते. अंगणवाडी भाड्याच्या पडवीत, उपकेंद्राची नर्स झाडाखाली लस टोचतेय, म्हाताऱ्यांना बसायला जागा नाही, आणि शेजारी पक्की इमारत सडतेय, हे मी डोळ्यांनी बघितलंय. एका गावाने ग्रामसभेचा ठराव करून अंगणवाडीसाठी खोली मागितली. उत्तर आलं: सदर इमारत शिक्षण विभागाची असून महिला व बालविकास विभागास हस्तांतरणाची तरतूद तपासावी लागेल. मी निवृत्त झालो तेव्हा तरतूद तपासली जात होती.

करायचं असेल तर क्रम उलटा लावा. जिथे पर्याय भरपूर आहेत तिथून सुरुवात करा: शहरं, तालुक्याची गावं, संस्थांच्या अर्ध्या रिकाम्या तुकड्या. पाचवी प्राथमिक शाळांना परत द्या आणि किती 'छोट्या' शाळा एका वर्षात वीसच्या वर जातात ते मोजा. अनुदान डोक्यांवर द्या, पण इमारतीच्या चौरस फुटांवरही द्या. वाडीचं अंतर मोजायचं असेल तर जुलैत मोजा, दुसरीतल्या पोराबरोबर पायी, दप्तरासकट. विलीनीकरण करायचंच असेल तर आधी एक वर्ष बस चालवून दाखवा. शाळा तोवर उघडी राहील. पालकांना ती बस आणि ती शाळा आवडली तर ते आपणहून पोर पाठवतील, तुम्हाला आदेश काढावा लागणार नाही. आणि रिकामी झालेली इमारत तीस दिवसांत ग्रामपंचायतीच्या ताब्यात जाईल, असा एका ओळीचा शासन निर्णय काढा. दिवसाला दहा-दहा शासन निर्णय निघतात, त्यात हा एक खपून जाईल.

मार्चमध्ये पुन्हा यादी निघेल. माझ्या जागी आलेला केंद्रप्रमुख बिचारा भला आहे, मला फोन करतो. परवा विचारत होता, 'सर, साकव गेल्या पावसात वाहून गेला. आता अहवालात काय लिहू?' मी म्हटलं, लिही, दळणवळणाची सोय नाही. म्हणाला, 'लिहिलं होतं. वरून परत आलं. मागच्या अहवालाशी विसंगत आहे म्हणतात.'